शनिवारचे श्रवणसत्र : जॉर्ज मायकेलचा कोणता अल्बम लावावा?

बी-३०२ :
सर्व सभासदांना नमस्कार. या वेळच्या श्रवणसत्रासाठी इंग्लिश पॉप गायक जॉर्ज मायकेलचे नाव पक्के झाले, याचा मनापासून आनंद झाला. ‘ज्या अल्बममध्ये केअरलेस व्हिस्पर हे गाणे आहे तोच लावावा’ अशी सूचना सकाळी आली आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. सॅक्सोफोनचे ते सुरुवातीचे सूर आपल्याकडे एरवी इंग्रजी गाणी न ऐकणाऱ्यांच्याही कानावर असतात. परंतु १९८४ मध्ये आलेले हे गाणे जॉर्ज आणि अँड्र्यू रिजली यांच्या ‘व्हॅम!’ या जोडीच्या ‘मेक इट बिग’ या अल्बममधले आहे आणि त्याच्या लेखनात अँड्र्यूचाही वाटा आहे. जॉर्जच्या एकट्याच्या एकाही स्टुडिओ अल्बममध्ये ते नाही.

माझी विनंती अशी, की निवडक गाणी न लावता १९९० चा ‘लिसन विदाउट प्रेज्युडिस, व्हॉल्यूम १’ हा अल्बम सलग ऐकावा. पाऊण तासाच्या आसपास वेळ लागेल.

ए-१०४ :
दादा, आपले म्हणणे पटते, तरीही मी १९८७ च्या ‘फेथ’च्या बाजूने आहे. पहिल्यांदाच ऐकायला बसणाऱ्याला तो लगेच जवळचा वाटतो. जवळजवळ सगळी गाणी त्याने स्वतः लिहिली, निर्मितीही स्वतःच केली आणि बरीचशी वाद्येही स्वतःच वाजवली. त्यातली चार गाणी अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली आणि १९८९ मध्ये वर्षातील सर्वोत्तम अल्बमचे ग्रॅमी त्याला मिळाले. त्यातले ‘वन मोअर ट्राय’ ऐकताना मला दरवेळी असे वाटते, की गाणारा माणूस अगदी समोरच्या खुर्चीवर बसून, आवाज न चढवता, आपली अडचण सांगतो आहे.

बी-३०२ :
ताई, ‘वन मोअर ट्राय’बद्दल आपण लिहिले आहे त्यातला शब्दन् शब्द मला मान्य आहे. ते गाणे अमेरिकेत कृष्णवर्णीय संगीताच्या यादीतही अव्वल ठरले होते. पुढे अमेरिकन म्युझिक अवॉर्ड्समध्ये सोल या कृष्णवर्णीय संगीतप्रकाराच्या विभागाचे पुरस्कार लंडनच्या या गोऱ्या गायकाला मिळाले, तेव्हा काही कृष्णवर्णीय कलावंतांनी नाराजी व्यक्त केली. ज्यांच्या समाजात हे संगीत जन्मले आणि वाढले, त्यांना तसे वाटणे स्वाभाविक होते, असे माझे मत आहे.

१९९० चा अल्बम मला मोठा वाटतो, तो वेगळ्या कारणासाठी. ‘फेथ’ने त्याचा चेहरा, चामड्याचे जाकीट आणि गॉगल जगभर पोहोचवले होते, पुढच्याच अल्बमच्या मुखपृष्ठावर मात्र त्याचे छायाचित्र नाही. तिथे १९४० सालचा न्यूयॉर्कमधल्या कोनी आयलंडचा समुद्रकिनारा आहे आणि त्यावर मुंगीलाही वाट मिळू नये अशी माणसांची दाटी आहे. याच अल्बममधल्या ‘फ्रीडम! ’९०’ या गाण्याच्या व्हिडिओतही तो स्वतः दिसत नाही. डेव्हिड फिंचरच्या दिग्दर्शनाखाली नाओमी कॅम्पबेल, सिंडी क्रॉफर्ड आणि इतर मॉडेल्स त्याच्या शब्दांवर ओठ हलवतात आणि ते प्रसिद्ध जाकीट आपल्या डोळ्यांदेखत जळते. ज्या रूपावर सगळी विक्री उभी होती तेच त्याने बाजूला ठेवले आणि ऐकणाऱ्यासाठी फक्त आवाज शिल्लक ठेवला. सुरुवातीचे ‘प्रेइंग फॉर टाइम’ ऐकताना हा निर्णय किती खरा होता, हे कळते. अमेरिकेत या अल्बमची विक्री ‘फेथ’च्या मानाने बरीच कमी झाली. त्याचे अल्बम काढणाऱ्या सोनी कंपनीशी त्याचे बिनसले, प्रकरण न्यायालयात गेले आणि १९९४ मध्ये तो खटला हरला.

सी-५०१ :
आपणा दोघांची चर्चा वाचून राहवले नाही, म्हणून लिहितो. १९९६ चा ‘ओल्डर’ विसरू नका. त्याचा ब्राझिलियन जोडीदार अन्सेल्मो फेलेप्पा १९९३ मध्ये गेला. त्यानंतर बराच काळ त्याला काही लिहिता येत नव्हते आणि मग ‘जीझस टू अ चाइल्ड’ आले. जवळजवळ सात मिनिटांच्या त्या गाण्यात तो एकदाही टाहो फोडत नाही. माझ्या घरी दुःखाचे दिवस होते तेव्हा मी ते रोज रात्री ऐकत असे.

बी-३०२ :
काका, आपण हे लिहिलेत, त्याबद्दल आभारी आहे. ‘ओल्डर’साठी पुढच्या महिन्याचे सत्र पूर्ण राखून ठेवू या, तो अल्बम घाईने उरकण्यासारखा नाही.

ए-१०४ :
मग या शनिवारसाठी एक मधला मार्ग सुचवते. ‘फेथ’ हे गाणे सुरू होते ते चर्चमधल्यासारख्या ऑर्गनने, आणि त्यावर संथपणे वाजते ती ‘व्हॅम!’च्या जुन्या ‘फ्रीडम’ या गाण्याची चाल. जोडी नुकतीच फुटली होती आणि एकट्याचा पहिला अल्बम त्याच गाण्याला निरोप देत सुरू होत होता, असे मला वाटते. आधी तेवढे एकच गाणे ऐकू आणि लगेच आपला १९९० चा अल्बम लावू. तीन वर्षांनी तोच ‘फ्रीडम’ शब्द त्याने वेगळ्या अर्थाने पुन्हा कसा उचलला, ते सर्वांना आपोआप ऐकू येईल.

बी-३०२ :
ताई, हे मला सुचले नव्हते. असेच करू. क्लबहाऊसची किल्ली मी सायंकाळी साडेसहाला घेऊन ठेवतो.