खडूस माणसात देव दिसला का कोणाले?

काल गजानन महाराजांच्या प्रगट दिनाच्या पंगतीत उष्ट्या पत्रावळी उचलता उचलता काकी आठवली. महाराज १८७८ ला शेगावात पहिल्यांदा दिसले ते पत्रावळीवरची शितं वेचतानाच ना, लोक येडा समजले. काकीलेही आम्ही तसंच कायबी म्हणत होतो. नळावर अख्ख्या गावाशी भांडण, मले तर लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी भाकरीवरून रडवलं. पण माझ्या बाळंतपणात सव्वा महिना रोज पहाटे पाणी तापवून तिनंच आंग चोळलं, तेही बडबडतच, अन् माझ्या पोरीले न्हाऊ घालताना म्हणे "चला महाराज, डोळे मिटा." मले एक गोड शब्द नाही. तिच्या पाया पडायचं राहूनच गेलं. तुमचं सांगा.

—

आमचा धुऱ्याचा, म्हणजे बांधाचा शेजारी. दरवर्षी पेरणीले एक तास, म्हणजे एक ओळ, आमच्या वावरात घालते, मोजणी आणली तरी तेच, बाबाशी बोलचाल बंद. २०१७ ले, यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली तेच साल, बाबाले कपाशीत भोवळ आली अन् यानंच पाह्यलं. कपडे काढले, साबणानं आंग धुतलं, गाडीवर मधात बसवून दवाखान्यात नेलं. बाबा वाचले. धुरा अजून कोरते, बाबा म्हणतात खाऊ दे एक तास.

—

धुतलं हे लय बरोबर केलं भाऊ, लोक तसेच भिजल्या कपड्यात नेतात. बाबा मास्क घालतात का आता?

—

हातमोजे घालतात. मास्क नाही, गरम होते म्हणतात

—

मले नाही दिसत. नवरा पिऊन येते, हात उचलते. सासू म्हणे त्याच्यातही देव हाय. असन. मी पोरांले घेऊन चार महिन्यांपासून माहेरी आहे

—

बरं केलं ताई. देव असला तरी त्याचा मार खा असं कोणत्या संतानं सांगितलं? आपले गाडगेबाबा तर कीर्तनात दारू सोडा म्हणूनच सांगत होते. १८१ नंबर ठेवा जवळ, बायांसाठीच हाय.

—

हो ताई, आम्ही आहोत. पोरं शाळेत जातात ना तिकडं?

—

जातात. मोठी सातवीत आहे

—

पंगतीत अंबाडीची भाजी होती का? आमच्याकडं यंदा ताजी भेटलीच नाही

—

होती, वाळवलेली. ज्वारीच्या कण्या टाकून. काकी कण्या जरा जास्त टाकत होती, काल मीही तशाच टाकल्या.