आदल्या दिवशी लेग डे आणि सकाळी डाइव्ह: नडतं का?

पाणमांजर_४२
मंडळी, एक शंका. मी आठवड्यातून चार दिवस जिमला जातो आणि सुट्टी मिळाली की डायव्हिंगला. गेल्या शनिवारी संध्याकाळी पायांचा दिवस होता. स्क्वॉट, लंजेस, सगळं दणकून केलं. रविवारी दोन डाइव्ह, पहिली २८ मीटर, दुसरी १८. डाइव्ह कॉम्प्युटरने एकदाही कुरकुर केली नाही, वर येताना थांबायचे सेफ्टी स्टॉपही पूर्ण केले. रात्री उजवा गुडघा ठणकायला लागला. पेनकिलर घेऊन झोपलो, सकाळी बरं होतं. माझा बडी, म्हणजे डाइव्हमधला जोडीदार, म्हणतो, व्यायाम करून पाण्यात गेलं की रक्तातले नायट्रोजनचे बुडबुडे वाढतात. जिममधला एक जण म्हणतो, उलट कमी होतात. खरं काय?

शिंपलेवाला
डाइव्हच्या आधी २४ तास आणि नंतर २४ तास जोरकस व्यायाम बंद. कोर्समध्ये हेच शिकवलं. विषय संपला.

जुनी_मासोळी
नियम चांगला आहे हो, पण विषय एवढ्यावर संपत नाही. एकोणीस वर्षं शिकवतेय, त्यामुळे थोडं लांबेल.

तुमचा बडी आणि जिमवाला, दोघेही अर्धे बरोबर. २००४ मध्ये क्रोएशिया आणि नॉर्वेच्या संशोधकांनी १२ डायव्हरना चेंबरमध्ये, म्हणजे दाब वाढवता येणाऱ्या बंद खोलीत, १८ मीटरच्या दाबाखाली ८० मिनिटं ठेवलं. एकदा व्यायामाशिवाय, आणि एकदा २४ तास आधी जोरदार कार्डिओ करायला लावून. व्यायामानंतरच्या खेपेला हृदयाच्या सोनोग्राफीत बुडबुडे कमी दिसले. पुढच्या वर्षी आणखी एका अभ्यासात डाइव्हच्या दोन तास आधी पळालेल्यांचेही कमी निघाले. त्याआधी उंदरांवर पाहिलं होतं, तेव्हा २० तास आधीचा व्यायाम लागू पडला होता, ४८ तास आधीचा नाही. म्हणजे जो काही फायदा आहे तो दोन दिवसांत विरतो.

असं का होतं? रक्तवाहिन्यांच्या आतल्या बाजूला अतिसूक्ष्म वायुकण चिकटलेले असतात आणि वर येताना, खाली दाबामुळे अंगात विरघळलेला नायट्रोजन त्यांच्याभोवती जमून बुडबुडा फुगतो, अशी कल्पना आहे. कार्डिओने हे कण निघून जात असावेत किंवा वाहिन्यांचं अस्तर सुधारत असावं. वाहिन्या सैल करणाऱ्या, शरीरातच तयार होणाऱ्या नायट्रिक ऑक्साइडवर मोठा संशय आहे.

पण हे सगळं पळण्याचं, सायकलचं. तुमच्या स्क्वॉटचं नाही! वजनं उचलून स्नायूंना बारीक इजा होते, सूज येते, आणि अशा जागी बुडबुडे धरायची भीती असते. शिवाय सोनोग्राफीत दिसणारे बुडबुडे म्हणजे बेंड्स, म्हणजे डाइव्हनंतर बुडबुड्यांमुळे होणारा आजार, नव्हे. बुडबुडे असूनही बहुतेकांना काहीच होत नाही.

मला विचाराल तर त्याहून मोठा घोळ वेगळाच आहे. लेग डेचं दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ऐन भरात येतं. बेंड्सची लक्षणं बहुतेक वेळा वर आल्यावर पहिल्या काही तासांतच सुरू होतात. दोन्ही एकाच गुडघ्यात, एकाच रात्री! वर तुम्ही पेनकिलर घेतली, म्हणजे उरलासुरला पुरावाही पुसला.

आणि डाइव्हनंतरचं विसरू नका. माझ्यावर बेतलं ते तिथेच. डाइव्ह मस्त झाली, बोटीवर चढले आणि मदत म्हणून दम कोंडून नांगर ओढला. वीसेक मिनिटांत पोटाला खाज सुटली. वेटसूट खाली केला तर कातडीवर जांभळट जाळी, संगमरवरासारखी. ऑक्सिजन, मग चेंबर. नंतर हाताच्या शिरेत खळखळवलेलं सलाइन टोचून हृदयाची तपासणी केली तेव्हा कळलं, जन्मतः बंद व्हायला हवं होतं ते भोक उघडंच राहिलंय. चारातल्या एकाला असतं हे, बहुतेकांना पत्ताही नसतो. एरवी बुडबुडे फुफ्फुसात गाळले जातात. दम कोंडून जोर लावला, मग सोडला, की त्या भोकातून ते थेट धमनीकडे जाऊ शकतात. तेव्हापासून डाइव्हनंतर माझी टाकी दुसरं कोणीतरी उचलतं आणि मला त्याची लाज वाटत नाही.

पाणमांजर_४२
बाप रे. ताई, म्हणजे शनिवारी सकाळी पळलो तर चालेल?

जुनी_मासोळी
रोजचं पळणं असेल तर चालेल, नंतर पाणी भरपूर प्या. पण बुडबुडे कमी होतील म्हणून मुद्दाम दम काढू नका. तेवढ्यासाठी डाइव्ह एक मीटर वर ठेवणं सोपं. पाण्याखाली प्रवाहाविरुद्ध फिन मारत बसू नका, त्यात नायट्रोजन जास्त भरतो. स्टॉपवर मात्र हातपाय हलके हलवत राहा.

आता मला सांगा, गुडघा दाबला की दुखायचा का?

पाणमांजर_४२
मांड्या दाबल्या की दुखायच्या, दोन्ही. गुडघा मात्र आत कुठेतरी. हाताला जागा सापडत नव्हती. वाकवला काय, सरळ ठेवला काय, सारखाच.

जुनी_मासोळी
मग इथे उत्तरांची वाट बघत बसू नका. डायव्हिंगचं समजणाऱ्या डॉक्टरांना आजच फोन करा. दोन्ही डाइव्हची खोली, वेळ आणि गोळी किती वाजता घेतली ते कागदावर लिहून मग लावा. ते हो म्हणेपर्यंत पाण्यात जाऊ नका.

पाणमांजर_४२
लावतोय. कॉम्प्युटरमधून आकडे काढतोय.