कुलपी की कुल्फी?

प्रश्न: सोलापूरच्या उन्हाळ्यात रात्री गल्लीत घंटी वाजली की आमची आजी दारातून सांगते, "दोन कुलप्या घे गं." पोरं लगेच तिला सुधारतात, "कुलपी नाही आजी, कुल्फी." तिचा शब्द चुकीचा धरायचा का?

उत्तर: ताई, आजीला कुणी सुधारू नका. अरबीत 'कुफ्ल' म्हणजे कुलूप. फारसीतून येताना फ आणि ल यांनी जागा बदलल्या, 'कुल्फ' झालं, आणि मराठीने त्याचं 'कुलूप' केलं. कुल्फी म्हणजे झाकण घट्ट बसवलेलं भांडं. नाव साच्याचं, ते आतल्या दुधाला चिकटलं. आपण 'कुलपात किल्ली' म्हणतोच, तेव्हा 'कुलपी' अगदी मराठी वळणाचं आहे. जुन्या कागदपत्रांत 'कुलपी गोळा' येतो, म्हणजे पोटात दारू भरून बंद केलेला, फुटणारा तोफगोळा. बंद करण्याची कल्पना तीच.

आज गाडीवाल्याचा हात मटक्यात जाताना नीट बघा. पत्र्याचा निमुळता साचा, झाकणाला रबर (पूर्वी कणीक लिंपायचे), भोवती बर्फ आणि खडेमीठ. मिठामुळे बर्फाचं तापमान शून्याच्या खाली 10-15 अंशांपर्यंत उतरतं. हे खारं पाणी साच्यात शिरलं की माल वाया, म्हणून ते कुलूप. साचा तळहातांत घोळवला की कुल्फी सुटते, मग काडी खुपसायची.

बंद साच्यात घुसळणं नाही, त्यामुळे आइस्क्रीमसारखी हवाही भरत नाही. म्हणून ती दाट, सावकाश वितळणारी आणि पोटाला जड. म्हशीचं 1 लिटर दूध आटवून निम्मं केलं, 100 ग्रॅम साखर घातली आणि 10 कुल्फ्या लावल्या, तर एकीत साधारण 4 ग्रॅम प्रथिनं, 6-7 ग्रॅम स्निग्धांश, दुधातली धरून 15 ग्रॅम साखर. म्हणजे 130-140 कॅलरी. आजीला मधुमेह असेल तर अर्धीच द्या. पाकिटावर 'फ्रोझन डेझर्ट' लिहिलं असेल, तर ती कुल्फी म्हणून घेऊ नका. त्यात दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल चालतं.

प्रश्नकर्ती: आजीला वाचून दाखवलं, खूश झाली. शेजारच्या तेलुगू काकू कुलपाला 'ताळम्' म्हणतात, पलीकडचे कन्नड आजोबा 'बीग'. त्यांच्या नातवंडांना हे नातं सांगायला आधी 'कुलूप' शब्द शिकवावा लागला.