ईमेलच्या सहीत लोगो टाकला, समोरच्याला नुसता चौकोन दिसतो. मदत हवी आहे

सूतगुंडी

नमस्कार मंडळी,

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टेरी टॉवेलचा कारखाना आहे. माग आणि रंगाई सासरे नि दीर बघतात. कोटेशन, पॅकिंग लिस्ट, राहिलेल्या पेमेंटची आठवण, म्हणजे मेलचं सगळं माझ्याकडे. गिऱ्हाईक बहुतेक हॉटेलवाले, गोवा-मुंबईकडचे.

आमचा लोगो म्हणजे मरून रंगाचा मोर आणि खाली काळ्या अक्षरात फर्मचं नाव. हाच मोर टॉवेलच्या लेबलवर, खोक्यावर आणि बिलावर आहे. सोलापुरात टॉवेल विणणारे गल्लोगल्ली आहेत. लांबच्या परचेसवाल्याला आम्ही लक्षात राहतो ते त्या मोरामुळे. म्हणून तो मेलखालीही हवा, असं अप्पांना (सासऱ्यांना) आणि मलाही मनापासून वाटतं.

आमच्याकडून तीन ठिकाणांहून मेल जातात आणि तिन्हीकडे वेगळी तऱ्हा आहे.

माझ्या लॅपटॉपवर ब्राउझरमध्ये जीमेल आहे, आमच्याच डोमेनच्या पत्त्याचं. लोगो ड्राइव्हवर ठेवून तिथूनच सिग्नेचरमध्ये घेतला. मला छान दिसतो, समोरच्याला रिकामा चौकोन.

डिस्पॅचच्या टेबलावर जुनं क्लासिक आउटलुक आहे. तिथून लोगो पोचतो, पण धुरकट दिसतो आणि मेलला अटॅचमेंटची पिन लागते. एका हॉटेलच्या परचेस मॅनेजरांचा फोन आला होता, "मॅडम, चलन शोधायला अटॅचमेंटवाले मेल काढले की तुमचे सगळेच मेल येतात. उघडावं तर आत इमेज००१ नावाचा मोर."

तिसरे अप्पा. ते मोबाइलवरच्या जीमेल ॲपमधून उत्तरं देतात, त्यात लोगो येतच नाही. "माझ्याच मेलवर मोर दिसना झालाय," हे रोज ऐकते.

प्रिंटिंग प्रेसकडून मिळालेल्या दोन फायली आहेत, एक सीडीआर (कोरलड्रॉची मूळ फाइल) आणि एक व्हिजिटिंग कार्डासाठीची मोठी जेपीजी. आमची चार पानांची साधी वेबसाइटही आहे. लोगो नेमका कुठे ठेवावा, केवढा करावा आणि कुठून घालावा? कृपया पायरीपायरीने सांगा.

बाळीवेस

ताई, पहिल्या चौकोनाचं कारण ड्राइव्हच आहे. तिथली फाइल मुळात फक्त तुमच्यापुरती उघडी असते, म्हणून तुम्हाला दिसते. फाइलवर शेअर दाबा, 'जनरल ॲक्सेस'मध्ये 'रिस्ट्रिक्टेड' असेल ते 'एनीवन विथ द लिंक' करा आणि पुढे 'व्ह्यूअर' ठेवा. आधी एवढं करून बघा.

रात्रपाळी

एवढा खटाटोप कशाला? पूर्ण व्हिजिटिंग कार्डाचंच चित्र करा. नाव, नंबर, पत्ता, मोर सगळं एकात. ते वर्डमध्ये ठेवायचं, कॉपी करायचं आणि सिग्नेचरच्या चौकटीत पेस्ट. आम्ही असंच करतो.

निळी_शाई

रात्रपाळी दादा, राग मानू नका, पण हा सल्ला ताईंनी घेऊ नये असं मला वाटतं. नंबर चित्रात गेला की मोबाइलवर त्याला बोट लावून फोन लावता येत नाही, पत्ता कॉपी होत नाही आणि सहा महिन्यांनी कोणी मेलमध्ये फर्मचं नाव शोधलं तर सहीतलं नाव सापडत नाही. ज्यांना दिसत नाही आणि जे स्क्रीन रीडरवर मेल ऐकतात, त्यांना तर काहीच मिळत नाही. शिवाय चित्र अडवलं गेलं तर अख्खी सहीच गेली. वर्डमधून पेस्ट केलं की मागे न दिसणारा ढीगभर कोडही येतो. जीमेलच्या सहीला १०,००० अक्षरांची मर्यादा आहे आणि हा कोडही त्यात मोजला जातो. मग 'सही फार लांब आहे' असा निरोप येतो आणि माणूस चक्रावतो, कारण डोळ्यांना चारच ओळी दिसत असतात.

आता ताईंच्या प्रश्नाकडे येतो. जरा सविस्तर लिहितो.

मेलमध्ये चित्र दोन तऱ्हांनी जातं. एक, मेलच्या पोटात बसून. क्लासिक आउटलुक साधारण असंच करतं. म्हणून चित्र समोर लगेच दिसतं, पण पिनही लागते. दुसरी तऱ्हा म्हणजे मेलमध्ये चित्राचा फक्त पत्ता जातो आणि समोरचा मेल उघडतो तेव्हा चित्र त्या पत्त्यावरून येतं. पिन लागत नाही, मेल हलका राहतो. मात्र क्लासिक आउटलुक बाहेरून येणारी चित्रं मुळातच अडवून ठेवतं, वाचणाऱ्याने 'डाउनलोड पिक्चर्स' म्हटल्याशिवाय आणत नाही. कारण रास्त आहे. बाहेरचं चित्र आणलं की पाठवणाऱ्याला मेल उघडल्याचं कळतं, आणि स्पॅम पाठवणारे चालू पत्ते असेच हेरतात. जीमेलने डिसेंबर २०१३ पासून निराळी वाट धरली. ते चित्र आधी स्वतःच्या सर्व्हरवर आणतं आणि तिथून दाखवतं, त्यामुळे विचारत बसत नाही.

तेव्हा शंभर टक्के लोकांना मोर दिसेल असं कोणीच करून देऊ शकत नाही. म्हणून सही अशी बांधा की मोर नसला तरी ती पुरी वाटावी. फर्मचं नाव ठळक अक्षरात, खाली तुमचं नाव, काम, फोन, वेबसाइट. हे सगळं टाइप केलेलं. आणि मोर त्याच्यावर.

फाइल अशी करून घ्या. प्रेसवाल्यांना सांगा की सीडीआरमधून पीएनजी एक्स्पोर्ट करून द्या, रंग आरजीबी (पडद्यासाठीचे) आणि पार्श्वभूमी पारदर्शक. छपाईची जेपीजी बहुधा सीएमवायकेमध्ये असते. ती शाईसाठी असते, पडद्यावर तिचा मरून वेगळाच दिसू शकतो. सहीत लोगो साधारण १८० पिक्सेल रुंद दिसला तरी पुष्कळ झाला, मोबाइलच्या रुंदीच्या तो निम्मा भरतो. फाइल मात्र दुप्पट, ३६० पिक्सेलची ठेवा, म्हणजे चांगल्या स्क्रीनवर कडा फाटत नाहीत. वेबपी किंवा एसव्हीजी या प्रकारची चित्र-फाइल नको. क्लासिक आउटलुकला वेबपी चालत नाही आणि जीमेल एसव्हीजी दाखवत नाही.

ही फाइल ड्राइव्हऐवजी तुमच्या वेबसाइटवरच ठेवा. फाइलच्या नावात मोकळी जागा नको, देवनागरी नको. मग चित्राचा पूर्ण पत्ता, म्हणजे एचटीटीपीएसपासून पीएनजीपर्यंतचा, ब्राउझरच्या इन्कॉग्निटो विंडोत (जिथे तुमचं लॉगिन नसतं) टाकून बघा. लॉगिन न मागता एकटा मोर उघडला तर पत्ता बरोबर.

जीमेलमध्ये वरचं दातेरी चाक, 'सी ऑल सेटिंग्ज', 'जनरल', खाली 'सिग्नेचर'. 'क्रिएट न्यू' करून चौकटीत मजकूर लिहा, चित्राच्या खुणेवर जाऊन 'वेब ॲड्रेस' निवडा आणि तो पत्ता द्या. चित्रावर क्लिक केलं की खाली स्मॉल, मीडियम, लार्ज येतं. पानाच्या अगदी तळाशी 'सेव्ह चेंजेस' दाबायचं, त्याशिवाय काही टिकत नाही. मेल लिहिताना 'प्लेन टेक्स्ट मोड' चालू नाही ना, तेही पाहा. त्यात चित्र येतच नाही.

आणि एक लक्षात ठेवा. पुढे वेबसाइट बदलली तरी ही फाइल त्या पत्त्यावरून हलवू नका. आज गेलेला मेल गिऱ्हाईक वर्षभराने उघडेल तेव्हाही चित्र तिथूनच येणार आहे.

सूतगुंडी

निळी_शाई दादा, किती निगुतीने लिहिलंत! बाळीवेस दादांचंही आधी करून पाहिलं, चौकोन गेला. मग लोगो वेबसाइटवर घेतला. गोव्याच्या गिऱ्हाइकाने स्क्रीनशॉट पाठवला, मोर अगदी झकास.

पण त्यातच नवीन गोष्ट दिसली. त्यांच्या मोबाइलवर सगळं काळं आहे, डार्क मोड. मोर दिसतो, खालचं नाव मात्र गायब! आणि डिस्पॅचच्या पिनेचं काय करू?

निळी_शाई

पार्श्वभूमी पारदर्शक, अक्षरं काळी आणि मागचं पानही काळं, म्हणून नाव बुडालं. मीच पारदर्शक सांगितलं होतं, तेव्हा उपायही सांगतो. प्रेसवाल्यांकडून अक्षरांना बारीक पांढरी कड मारून घ्या. पांढऱ्या पानावर ती दिसत नाही, काळ्यावर नाव उठून येतं. नाहीतर मोराच्या मागे चारी बाजूंनी थोडी मोकळीक ठेवून पांढरी पट्टीच द्या. तुमचा मोर मरून आहे, तोही काळ्यावर फिकाच पडत असणार. त्यामुळे मला पट्टी जास्त पसंत.

आउटलुकचा धुरकटपणा बहुधा मोठं चित्र कोपऱ्याला धरून लहान केल्यामुळे आहे. आधीच मापात कापलेली फाइल घाला. पिनेसाठी दोन सह्या करा. सिग्नेचरच्या खिडकीत उजवीकडे 'न्यू मेसेजेस' आणि 'रिप्लाइज/फॉरवर्ड्स' असे दोन वेगळे रकाने असतात. नव्या मेलला मोराची सही, उत्तरांना नुसत्या अक्षरांची. चलनाचे मेल बहुतेक जुन्या मेलच्या उत्तरातच जात असतील, त्यांची पिन तिथेच सुटेल. जीमेलमध्येही 'सिग्नेचर डिफॉल्ट्स'खाली हीच सोय आहे. एका ऑर्डरवर वीस वेळा लिहा-वाचा होते, तिथे प्रत्येक खेपेला मोर नसला तरी चालतं.

सातरस्ता

आपल्या सोलापूरच्या टेरी टॉवेलला जीआय (भौगोलिक मानांकन) आहे, तर ताई, मोराच्या शेजारी जीआयचं चिन्हही लावा की! हॉटेलवाल्यांवर छाप पडते.

बाळीवेस

सातरस्ता भाऊ, थांबा जरा. चादर आणि टॉवेल दोन्हींना जीआय आहे हे खरं, आणि त्याचा अभिमानही आहेच. पण १९९९ च्या कायद्याप्रमाणे ते वापरायचा हक्क नोंदणी झालेल्या अधिकृत वापरकर्त्याला असतो. सोलापुरात कारखाना आहे एवढ्याने तो मिळत नाही. ताईंच्या फर्मची तशी नोंदणी असेल तर जरूर लावा, नसेल तर आधी अर्ज करा. हे चिन्ह कोणीही कुठेही लावायला लागलं तर आपल्या मालाची किंमत आपणच घालवू.

सूतगुंडी

नोंदणीचं दिरांना विचारते, तोवर नुसता मोर. पांढऱ्या पट्टीची फाइल आली, डार्क मोडमध्ये नाव स्वच्छ वाचता येतंय. डिस्पॅचला दोन सह्या केल्या.

राहिले दोनच प्रश्न. अप्पांच्या मोबाइलवर काही करता येईल का? आणि डिस्पॅचच्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर सही नव्याने करावी लागेल का?

निळी_शाई

जीमेल ॲपमधल्या 'मोबाइल सिग्नेचर'मध्ये फक्त मजकूर घालता येतो. तिथे फर्मचं नाव, अप्पांचं नाव आणि नंबर टाका. त्यांना मोर हवाच असेल तर ती पत्रं लॅपटॉपवरून पाठवायची.

दुसऱ्या कॉम्प्युटरवर नव्याने करायची गरज नाही. क्लासिक आउटलुक सह्या ज्या फोल्डरमध्ये ठेवतं, तोच पेन ड्राइव्हवर उचलायचा. युजरच्या फोल्डरमध्ये ॲपडेटा, त्यात रोमिंग, मग मायक्रोसॉफ्ट, मग सिग्नेचर्स. ॲपडेटा लपवलेला असतो, तेव्हा आधी 'हिडन आयटम्स' दाखवायला सांगा. आतल्या फायली आणि चित्रांचे फोल्डर सगळे एकत्र न्या, नुसती एचटीएम फाइल नेली तर मोर मागे राहील. तिकडे त्याच जागी पेस्ट करा, आउटलुक बंद करून परत उघडा आणि दोन्ही रकान्यांत सह्या निवडून द्या.

सूतगुंडी

झालं! दुसऱ्या टेबलावरही दोन्ही सह्या आल्या. अप्पांच्या मोबाइलवर नाव आणि नंबर टाकून दिला, त्यांनी लगेच दिरांना मेल करून पाहिला. सगळ्यांचे मनापासून आभार. ॲडमिन, धाग्यावर 'प्रश्न सुटला' अशी खूण करावी.