मदत हवी आहे: बाबांना मुंबईतली वेगळी संग्रहालयं दाखवायची आहेत

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात कणकवलीहून कोकणकन्येने बाबांना घेऊन मुंबईला येतोय. बाबा एसटीत ड्रायव्हर होते, सगळी हयात घाटात गेली. राणीबाग, म्युझियम वगैरे बघून झालंय. आता त्यांना बेस्टचं आणिक आगारातलं संग्रहालय दाखवायचंय. १९६४ साली बंद झालेल्या ट्रामच्या आठवणी, जुनी तिकिटं, बसचे नमुने बघून ते हरखून जातील, खात्री आहे माझी. फोर्टातलं रिझर्व्ह बँकेचं नाण्यांचं संग्रहालयही बघू.

सध्या ही दोन्ही कुठल्या वारी बंद असतात? आणिकला सीएसएमटीहून सोपं कसं जावं? बाबांचे गुडघे दुखतात, तिथे लिफ्ट आहे का? अशी आणखी एखादी जागा असेल तर जरूर सुचवा.