मदतीच्या कार्यक्रमात गायलात, वाजवलंत? तुमचा अनुभव सांगा

गेल्या रविवारी पार्ल्याला दीनानाथ नाट्यगृहात पेटीची साथ करून आले. एका सात वर्षांच्या मुलाचं बोन मॅरो ट्रान्सप्लांट व्हायचंय, त्यासाठी पैसे उभे करायचे होते, जुन्या भावगीतांचा कार्यक्रम, तिकीट ५०० आणि ३००. वीस वर्षं साथ करतेय, कार्यक्रम झाला की पेटी बंद, टॅक्सी, घर, जेवण, झोप. त्या रात्री झोप आली नाही. मुलाचे वडील पूर्ण वेळ विंगेत उभे होते, नवा शर्ट, पाकिटातल्या घड्या छातीवर तशाच, हातात आमच्यासाठी पाण्याच्या बाटल्या. गाणं त्यांनी ऐकलं असेल असं वाटत नाही, नजर सारखी मागच्या चार रांगांवर, त्या भरल्या नव्हत्या. शेवटी मी उचलायच्या आत त्यांनी पेटी उचलली, जिना उतरून टॅक्सीत स्वतः ठेवली आणि झाकणाची कडी नीट लागलीय का ते दोनदा चाचपून बघितलं. बोलले काहीच नाहीत. मलाही बोलता आलं नाही.

तेव्हापासून डोक्यात आहे की आपल्यातल्या कितीतरी जणांनी असे कार्यक्रम केलेत पण आपण त्याबद्दल आपापसात बोलत नाही. मानधन घेतलं का, नाही घेतलं तर का, जमलेल्या पैशांचा हिशोब कळला का, वाजवताना हात वेगळा लागतो का. कडू असलं तरी लिहा.

बॅन्जो, लालबाग

माझा पहिला असा कार्यक्रम १९९३ चा. २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी, आमचं पथक विसर्जनात वाजवून उजाडता उजाडता गिरगाव चौपाटीवरून घरी आलं, बोटांना फोड, झोपलो ते दुपारी उठलो तर सगळी चाळ एकाच घरात टीव्हीसमोर. किल्लारीचा भूकंप. ३० सप्टेंबरला पहाटे चारच्या सुमाराला तिकडे घरं कोसळली त्या वेळी आम्ही इकडे लोकांना नाचवत होतो, हे मला अजून पचत नाही. मांडव उतरवायला माणसं आलेली, त्यांना सेक्रेटरींनी परत पाठवलं, म्हणाले आठ दिवस राहू दे. त्याच स्टेजवर रविवारी कार्यक्रम ठेवला, गणपतीचीच दानपेटी पुढे मांडली. पण आमच्याकडे रोख कुठनं येणार, ८२ च्या संपानंतर गिरणीतली नोकरी गेली ती गेलीच, कितीतरी घरांत आईच्या खानावळीवर चूल पेटत होती. तर बायका घरातनं चादरी, गोधड्या, पातेली घेऊन आल्या आणि स्टेजच्या कडेला ठेवत गेल्या. ढीग इतका वाढला की एका स्पीकरपुढे भिंतच झाली, तार छेडली की आवाज त्या गोधड्यांत जाऊन बसायचा. साउंडवाला म्हणाला स्पीकर हलवतो, आमचे मास्तर म्हणाले राहू दे, असाच वाजव. तो दबका आवाज अजून कानात आहे. ट्रकबरोबर मला जायचं होतं पण वय १९, घरनं सोडलं नाही, त्याची रुखरुख आहे.

कीबोर्ड, बोरिवली

ताई, कडू लिहा म्हणालात म्हणून लिहितोय. २०१९ ला सांगली-कोल्हापूरच्या पुरानंतर एका मोठ्या शोसाठी फोन आला, चांगलं काम आहे, मानधन मागू नका. नाही मागितलं. सांगली माझं आजोळ, मागायचा प्रश्नच नव्हता. स्टेजवर गेलो तर मागे भलीमोठी एलईडी वॉल, बाहेर गाडीतनं उतरणारे अँकर, नंतर जेवणाचे स्टॉल. त्या सगळ्यांचे पैसे दिले गेले होते, हे मला वॉलवाल्यानेच सांगितलं. फुकट वाजवत होतो ते फक्त आम्ही, कीबोर्ड, ऑक्टोपॅड, ढोलक, गिटार आणि चार कोरसच्या मुली, त्यातल्या दोघी विरारहून लोकलने आलेल्या, रात्री परत जायला रिक्षाचे पैसेसुद्धा कोणी विचारले नाहीत. किती जमले, कुठे गेले, मी तीनदा मेसेज केला, उत्तर नाही. माझ्या आजोळच्या माणसांच्या नावाने गोळा केलेला पैसा होता तो.

तेव्हापासून माझा नियम, पाकीट पूर्ण घ्यायचं आणि मग मला पटेल त्या ठिकाणी माझ्या हाताने द्यायचं. आणि एक व्यवहाराची गोष्ट कारण कित्येकांना माहीत नसते, तुम्ही मानधन सोडलंत तर इन्कम टॅक्सच्या सवलतीसाठी ती देणगी धरत नाहीत, पैसे प्रत्यक्ष दिले तरच. तेही २००० च्या वर रोख दिले तर वजावट मिळत नाही, चेक किंवा यूपीआयने द्या आणि पावती लगेच मागून घ्या.

साउंड, कुर्ला

कीबोर्डवाल्या दादांशी शंभर टक्के सहमत. मी माझं भाडं सोडतो, दरवर्षी दोन कार्यक्रमांचं तरी, पण लोडिंगच्या मुलांची मजुरी आणि टेम्पोचं डिझेल सोडू शकत नाही, ती त्यांची चूल आहे. एवढं आधी सांगितलं तरी काही लोकांचा चेहरा पडतो.

गायिका, दादर

माझी आई २०११ मध्ये परळला टाटा हॉस्पिटलमध्ये होती, आम्ही दादरचे म्हणून रात्री घरी जायचो, पण समोरच्या फूटपाथवर चटई टाकून राहिलेली कुटुंबं रोज बघायचो. त्यामुळे कॅन्सरच्या पेशंटसाठी कोणी बोलावलं की मी जातेच आणि मानधन घेत नाही, ते माझं आईचं देणं आहे.

पण एका कार्यक्रमात वाईट झालं. मध्यंतरानंतर आयोजकांनी एका आठ-नऊ वर्षांच्या मुलीला स्टेजवर आणलं, डोक्यावर टोपी, तोंडाला मास्क. किती लाख लागणारेत ते माइकवर सांगितलं आणि फोटोसाठी तिला मास्क काढायला सांगितला. केमो चालू असलेलं मूल, पांढऱ्या पेशी उतरलेल्या, साडेसातशे लोकांच्या हॉलमध्ये! तिने आईकडे बघितलं, आई हात जोडून उभी, नाही म्हणायची तिची हिंमत होईना. मी समोरच तंबोरा लावून बसले होते. उठले, माइक घेतला आणि म्हटलं, आधी हिला घरी पाठवा, मग मी गाते. हॉल शांत झाला. आयोजक कानाशी येऊन म्हणाले, मॅडम, चेहरा दिसला की पैसे येतात. म्हटलं, माझं गाणं ऐकून जेवढे येतील तेवढे घ्या.

ती गेल्यावर गायला बसले तर आवाज थरथरत होता. एरवी काळी चार माझी गायची पट्टी, पेटीवाल्यांनी न विचारता खालची काळी तीन धरली आणि मान हलवली, सांभाळून घेतो म्हणून. यमन राग त्या दिवशी गंधारावरून पुढे सरकायलाच तयार नव्हता. दहा मिनिटं मी तिथेच होते. त्या संस्थेने मला परत बोलावलं नाही आणि मला त्याचं दुःख नाही, फक्त त्या मुलीचं पुढे काय झालं ते कळलं असतं तर बरं झालं असतं.

तबला, माटुंगा

आमचे गुरुजी बांगलादेशच्या निर्वासितांसाठी झालेल्या १९७१ च्या बांगलादेश कॉन्सर्टचं नेहमी सांगायचे. १ ऑगस्टला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये एकाच दिवसात दोन शो, रविशंकरांनी बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनला गळ घातली म्हणून झालेले. सतार-सरोदला तबल्याची साथ अल्लारखाँसाहेबांची, ते आपल्या माहीमचे, त्यामुळे गुरुजींच्या आवाजात अभिमान असायचा. वाद्यं नुसती जुळवत होते तर तिथल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या हा किस्सा सगळे हसत सांगतात, पण गुरुजी पुढचं सांगायचे. कार्यक्रम घाईत उभा राहिला, युनिसेफसाठी म्हणून आधी रीतसर कागद केले नव्हते, त्यामुळे अमेरिकेच्या टॅक्सखात्याने बराच पैसा कित्येक वर्षं अडकवून ठेवला. निर्वासितांना अन्न त्याच महिन्यात हवं होतं. एवढ्या मोठ्या माणसांचं हे झालं तर आपलं काय.

म्हणून मी पहिला फोन आला की एकच विचारतो, पैसे कुणाच्या खात्यात जमा होणार? नोंदणी असलेली संस्था असेल तर नोंदणी क्रमांक घेतो. चार मित्रांनी मिळून ठरवलेला कार्यक्रम असेल तर धर्मादाय आयुक्तांकडून कलम ४१ क खाली परवानगी काढली का विचारतो, गणपती मंडळं वर्गणीसाठी काढतात तीच. समोरचा चिडला तर समजावून सांगतो. गोधड्यांचं वाचून मात्र गलबलून आलं हो, तिथे कसली पावती.

ढोलकी, भांडुप

मी दुसऱ्या बाजूनं लिहितो, घेणाऱ्याच्या.

२०२० ला मार्चमध्ये सगळं थांबलं. लग्नं नाहीत, जत्रा नाहीत, गोंधळ-जागरण नाही, गणपतीसुद्धा साधेच. मी ऑर्केस्ट्राला नि लावणीच्या पार्टीला वाजवायचो, नाइटवर पोट. जूनपर्यंत ढोलकी खुंटीलाच, पावसात पुडी, म्हणजे तोंडावरचं चामडं, सादळून ढिली पडली, शाई सुटायला लागली. तेव्हा काही कलाकारांनी घरात बसून ऑनलाइन कार्यक्रम केला साथीदारांसाठी, कोणी सांगितलं माझं नाव मला माहीत नाही. एका बाईंचा फोन आला. मी आधीच ठरवलेलं की नाही म्हणायचं, आजवर हात पसरला नव्हता. पण त्यांनी गरज आहे का असं विचारलंच नाही. म्हणाल्या, दादा, ढोलकी कुठल्या पट्टीत ठेवता? मी म्हटलं पांढरी चार. म्हणाल्या, आमचा कार्यक्रम सुरू झाला की लागणार तुम्ही, तोवर हा अ‍ॅडव्हान्स समजा. खात्यात ५००० आले. फोटो मागितला नाही, आभाराचा व्हिडिओ मागितला नाही. किराणा भरला, आईच्या बीपीच्या गोळ्या आणल्या आणि उरल्यात पुडी बदलून घेतली, ते घरात सांगितलं नाही बरेच दिवस.

२०२२ ला त्यांनी खरंच बोलावलं, शिवाजी मंदिरला. दोन वर्षांनी प्रेक्षकांसमोर बसलो, पहिल्या थापेला अंगावर काटा आला. पाकीट मिळालं त्यातलं अर्धं ठेवलं. मग त्यांच्याकडून यादी मागून घेतली, त्यात शहापूरचे एक सनईवाले होते, दोन वर्षं काम बंद झालेले. फोन मीच लावला. पहिलं विचारलं, काका, सनई कुठल्या पट्टीची?