बेकायदा हुकूम मोडणं: जवानाचा गुन्हा की कर्तव्य?

अमळनेरकर:
काल मळ्यात भरीत पार्टी होती. पऱ्हाट्यांवर वांगी भाजता भाजता अग्निवीर भरतीला निघालेल्या भाच्याने विचारलं, "मामा, साहेबाने चुकीचं करायला सांगितलं तर?" सगळे म्हणाले, फौजेत हुकूम म्हणजे हुकूम. मला हे पटत नाही. आर्मी ॲक्ट १९५० च्या कलम ४१ मध्ये शिक्षा आहे ती 'कायदेशीर' हुकूम मोडल्याबद्दल. तो शब्द तिथे उगाच घातलेला नाही. नंदुरबारला ९ सप्टेंबर १९४२ ला शिरीषकुमार आणि त्याच्यासोबतची चार मुलं गोळीबारात गेली. शाळकरी पोरगा, हातात तिरंगा. चाप ओढणाऱ्याला तो दिसत नव्हता का?

माजी हवालदार, चाळीसगाव:
भाऊ, नंदुरबारला गोळी पोलिसांनी चालवली, पलटणीने नाही. रात्री पोस्टवर फायर आला की कायदा बघायला वेळ नसतो. एक जण थबकला की शेजारचा जातो. मी असा एक मित्र खांद्यावर आणलाय. हुकूम आधी, तक्रार नंतर; त्यासाठी त्याच ॲक्टचं कलम २६ आहे. आणि अग्निवीरांत चार वर्षांनी फार तर चारातला एक कायम होतो. भाच्याला आत्तापासून 'नाही' शिकवाल तर पोराचं नुकसान कराल.

वकीलताई, धुळे:
हवालदार साहेब, चालू चकमकीतलं तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. प्रश्न निःशस्त्र माणसावर गोळी झाडायला सांगितल्याचा आहे. २३ एप्रिल १९३० ला पेशावरमध्ये ब्रिटिश फौजेतल्या गढवाल रायफल्सचे चंद्रसिंह गढवाली आणि त्यांच्या जवानांनी निःशस्त्र पठाणांवर गोळी झाडली नाही. तीही पलटणच होती. जुन्या दंड संहितेच्या कलम ७६ मध्ये उदाहरणच सैनिकाचं आहे: हुकमावरून जमावावर गोळी झाडली तर गुन्हा नाही, पण ती कायद्याला धरून असेल तरच. बनावट चकमकीच्या एका खटल्यात २०११ साली सुप्रीम कोर्टाने नाझींवरच्या न्यूरेंबर्ग खटल्यांचा दाखला देत पोलिसांना बजावलं, वरून हुकूम होता ही सबब चालणार नाही. मेलेल्याच्या आईला हुकूम कोणाचा होता याने काय फरक पडतो?

माजी हवालदार, चाळीसगाव:
ताई, गढवालींना जन्मठेप झाली, हेही सांगा. १९४१ ला सुटले. तेवढी वर्षं घर कोणी चालवलं?

तात्या, भुसावळ:
घराचं मी सांगतो. स्टोअरला होतो. टँकरमध्ये डिझेल मोजायची पट्टी मी स्वतः सोडली, ती १६०० लिटरच्या खुणेपर्यंतच ओली. पुरवठ्याचं चलन मात्र २००० लिटरचं. साहेब म्हणाले, सही कर. मी रजिस्टरमध्ये १६०० लिहिलं आणि त्याखाली सही केली. आठ दिवसांत बदली, बढती अडकली, जेवायला कोणी शेजारी बसेना. बायकोने दोन वर्षं शिवणकाम करून घर ओढलं. जागल्यांना, म्हणजे आतला गैरप्रकार उघड करणाऱ्यांना, संरक्षण देणारा कायदा २०१४ ला संसदेने केला खरा, पण तो वर्षानुवर्षं लागूच झाला नाही. भाच्याला 'नाही' जरूर शिकवा, पण त्याच्यामागे कोण उभं राहणार ते आधी ठरवा.

माजी हवालदार, चाळीसगाव:
तात्या, ती खोटी सही मीही केली नसती. तुमच्यासोबत जेवायलाही बसलो असतो. पण रात्रीच्या पोस्टवर मला शेजारी आधी गोळी झाडणाराच हवा. यावर मी ठाम आहे.